नाइट न घेणारे

दुपारी जेवून आडवी झाले की झोप लागेपर्यंत मी स्कॉटलंडच्या खालच्या डिव्हिजनमधले फुटबॉल निकाल वाचते. घरात त्याची थट्टा करून झाली, आता कोणी काही बोलत नाही. परवा तिथंच एक जुना फोटो दिसला. ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, ५० हजारांवर खुर्च्या, आणि प्रेक्षक जेमतेम काहीशे, एकाच स्टँडात गोळा झालेले. जर्सीवर काळे-पांढरे आडवे पट्टे. म्हणजे क्वीन्स पार्क हा क्लब.

याच मैदानावर १९३७ साली स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला १,४९,४१५ माणसं होती. तेव्हा मैदान क्लबच्या मालकीचं आणि क्लबच्या खेळाडूंना पगार मात्र दमडीचाही नाही!

१८६७ चा हा क्लब, स्कॉटलंडमधला सर्वांत जुना. १८७२ साली पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला तेव्हा स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू इथलेच. इंग्रज एकेकटे चेंडू घेऊन धावत, हे एकमेकांना पास देत. निकाल ०-०. गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय अँड्र्यू वॉटसन १८८१ मध्ये स्कॉटलंडचा कप्तान म्हणून लंडनला गेला आणि इंग्लंडला ६-१ हरवून आला, तोही यांचाच. पुढे १८९३ साली स्कॉटलंडमध्ये पगारी खेळाला मान्यता मिळाली. बाकीच्यांनी पाकिटं घेतली, हे नाही म्हणाले. ब्रीदवाक्यच लॅटिनमध्ये लिहून ठेवलेलं: खेळायचं ते खेळण्यासाठी.

आमचे बाबा हौशी नाटकवाले. ऑफिस सुटलं की शाळेच्या वर्गात तालीम. बाक भिंतीला लावायचे, फळ्यावरची बेरीज-वजाबाकी तशीच, आणि मी खिडकीत बसून प्रॉम्प्टिंगची वही धरायचे. चहाचे पैसे पाळीपाळीनं. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की आई बाबांच्या उरलेल्या रजा मोजायची. एकदा मंडळातल्या एका काकांना मुंबईच्या व्यावसायिक नाटकात काम मिळालं. नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, ठरली. सगळ्यांनी त्यांना हार घातला, पेढे खाल्ले, आणि नंतर तालीम काही रंगली नाही. बाबा घरी येताना एवढंच म्हणाले, "चांगलं झालं त्याचं." हे वाक्य त्यांनी रस्त्यात तीनदा म्हटलं.

क्वीन्स पार्कनं हे वर्षानुवर्षं सोसलं. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन, पुढे मँचेस्टर युनायटेडचा नामवंत प्रशिक्षक झालेला, कारखान्यात टूलमेकरची उमेदवारी करत इथं खेळला आणि गेला. अँडी रॉबर्टसन २०१२ मध्ये इथं खेळत होता. या वयात खिशात पैसे नसले की जगणं भिकार, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं ट्विटरवर लिहिलं होतं. सात वर्षांनी तो लिव्हरपूलकडून युरोपचा चषक उचलत होता. पोरं घडवायची यांनी आणि ती दुसऱ्यांनी न्यायची, तीही फुकटात, कारण हौशी खेळाडूला करार बांधून ठेवत नाही. शेवटी २०१९ च्या नोव्हेंबरात सभासदांनी मतदान करून हौशीपण सोडलं. हॅम्पडेनही विकलं.

मला वाईट वाटलं होतं. दुरून वाईट वाटायला पैसे पडत नाहीत. खेळाडूंच्या घरचं भाडं काही मी भरत नव्हते.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत स्कॉटिश कपमध्ये हेच क्वीन्स पार्क ग्लासगोच्याच बलाढ्य रेंजर्सच्या घरी, आयब्रॉक्सवर, १-० जिंकलं. शेवटच्या क्षणी रेंजर्सला पेनल्टी मिळाली, ती गोलकीपर कॅलम फेरीनं अडवली. मी घरात एवढ्यानं ओरडले की शेजारच्या काकू विचारायला आल्या. फेरी पगारी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ओरडले.