रशियासाठी केलेला शेवट

कोपनहेगनमधल्या एका संग्रहात जुन्या नायट्रेट फिल्मची तपासणी आणि नोंदणी करण्याचे काम मी गेली नऊ वर्षे करते. आम्ही दिवसभर सिनेमे पाहत असू असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात आमच्यासमोरची फिल्म बहुधा हलतच नाही. ती प्रकाशपेटीवर हाताने पुढे सरकवायची, कडेच्या शंभर छिद्रांच्या अंतरावरून ती किती आकसली आहे ते मोजायचे, जोड तपासायचे, आणि वास घ्यायचा. नायट्रेट कुजू लागले की त्याला आंबूस, घामट मोज्यांसारखा वास येतो, आणि एकदा पेटले तर ते पाण्याखालीही जळत राहते, म्हणून आमच्या खोलीत गप्पासुद्धा जपून होतात.

त्या दिवशी ऐंशीच्या पुढच्या एक बाई कापडी पिशवीतून गंजलेला डबा घेऊन आल्या. नायट्रेट बसने आणू नये हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि आमच्या स्वागतकक्षालाही त्यात काही वावगे वाटले नाही, याबद्दल मी दुपारी माझ्या वरिष्ठांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. डेन्मार्कमध्ये सगळेच एकमेकांना एकेरी, नावाने हाक मारतात. इतक्या वर्षांनंतरही वयस्कर माणसाशी तसे बोलताना माझी जीभ अडखळते आणि मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणून मोकळी होते. त्यांचे वडील पोरवयात कोपनहेगनच्या वाल्बी भागात नॉर्डिस्क या चित्रपट कंपनीच्या प्रयोगशाळेत फिल्म धुण्याच्या कामावर होते, आजी त्यांना बऱ्याच उशिरा झालेल्या, आणि हा डबा म्हणजे मूकपटांतला नट वाल्डेमार प्सिलांडर याचा मृत्यू, असे वडील घरात सांगत असत.

प्सिलांडर हे नाव आज डेन्मार्कमध्येही मोजक्याच लोकांना ठाऊक आहे. रंगभूमीवर त्याला फारसे कोणी विचारले नव्हते. १९११ साली दिग्दर्शक ऑगस्ट ब्लोमच्या चित्रपटाने त्याला पडद्यावर नाव मिळवून दिले आणि पुढच्या पाचसहा वर्षांत त्याने नॉर्डिस्कसाठी ऐंशीच्या वर चित्रपट केले. रशियात तो गॅरिसन या नावाने लोकप्रिय होता. १९१६च्या अखेरीस नॉर्डिस्क सोडून त्याने स्वतःची कंपनी काढायचे ठरवले, आणि ६ मार्च १९१७ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो हॉटेलच्या खोलीत मृत सापडला. हृदय बंद पडले असे जाहीर झाले. आत्महत्येची कुजबुज तेव्हापासून आजवर थांबलेली नाही. त्याचा ‘क्लोव्हनेन’, म्हणजे ‘विदूषक’, हा चित्रपट तो गेल्यावर त्याच वर्षी झळकला.

डब्यात सुमारे चाळीस मीटर फिल्म होती. अठरा फ्रेम प्रतिसेकंद या गतीने तिची दोन मिनिटे होतात. मला ती पाहायला चार तास लागले. निळ्या रंगात बुडवलेला तुकडा, म्हणजे रात्र. मग दिव्याच्या उजेडासाठी पिवळट. पलंगावर एक पुरुष, शेजारी गुडघ्यांवर बसलेली स्त्री, आणि डाव्या भिंतीवर आरसा, ज्यात दारातून आत येणारा तिसरा माणूस दिसतो. चौकटीबाहेरची जागा आरशातून आत आणायची ही डॅनिश दिग्दर्शकांची लकब मला फार आवडते. पुरुष मान वळवतो, हात पांघरुणावरून घसरतो, बस.

मधल्या एका जोडापाशी दोनच फ्रेमची एक अक्षरपाटी, म्हणजे मूकपटात पडद्यावर वाचायचा मजकूर, सापडली. प्रती काढताना अक्षरपाटी कुठे आणि कोणती बसवायची ते कळावे म्हणून अशा दोनचार फ्रेम ठेवत. अक्षरे रशियन होती, शब्दांच्या शेवटी ते जुने कठोर चिन्ह (ъ) होते, आणि १९१८च्या लिपी-सुधारणेनंतर ते त्या जागी लिहीत नाहीत. माझ्या सहकाऱ्याने ती फ्रेम धूळ समजून ओलांडली होती. (तो उत्तम छायाचित्रकार आहे, पण नोंदणीला लागणारा कंटाळा त्याला सोसत नाही.)

म्हणजे आमच्यासमोर रशियासाठी केलेला शेवट होता. रशियन प्रेक्षकाला शोकान्त हवा असतो असा नॉर्डिस्कचा व्यापारी हिशेब होता, म्हणून काही चित्रपटांचे दोन शेवट चित्रित होत. ‘अटलांटिस’ या १९१३च्या चित्रपटात ओलाफ फोन्सचा डॉक्टर डेन्मार्कमध्ये सुखाने जगतो आणि रशियात मरतो.

पण पलंगावरचा माणूस कोण? त्या काळी कॅमेरा लांब उभा असे, चेहरा नखाएवढा. अशा वेळी आम्ही कान बघतो. मिशी चिकटवता येते, केस विंचरता येतात, कान मात्र माणसाचा माणसापाशी राहतो. वीसेक फ्रेममध्ये डावा कान स्पष्ट होता. संग्रहातल्या प्सिलांडरच्या ज्या छायाचित्रांवर मी विसंबू शकत होते त्यांत उजवा होता, आणि एकाच माणसाचे दोन कान हुबेहूब नसतात. माझ्या वरिष्ठांचे मत असे की प्सिलांडर लिहून टाकावे, लोक बघायला येतील. कीर्ती अशीच आधी कीर्ती असलेल्याकडे जाते. १९१०च्या ‘आफग्रुन्डन’ या चित्रपटाचेच पाहा. नटी आस्ता नील्सनसमोर नट पॉल रॉयमर्ट होता. तो पुढे कोपनहेगनच्या रॉयल थिएटरचा आधारस्तंभ झाला आणि तिला मात्र जगभर गाजूनही मायदेशी परतल्यावर कोणी धड भूमिका दिली नाही. पण या दोघांना निदान नावे तरी राहिली. दिवसा वाल्बीत मरून संध्याकाळी नाटकात हजर होणाऱ्या कितीतरी नटांच्या नोंदींत आम्ही ‘अज्ञात पुरुष’ लिहितो, आणि प्सिलांडर लिहिले असते तर त्यांच्यापैकी एकाचा मृत्यूही मी त्याच्याकडून काढून घेतला असता.

मी ‘ओळख निश्चित नाही’ असे लिहिले. आजींना तसे सांगितले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. वडिलांनी ते चित्रण पाहिले होते, असे त्या म्हणाल्या: त्या नटाने आधी बाईला मिठी मारून सुखान्त केला, मग कोणीतरी त्याची कॉलर बदलली आणि तो पलंगावर जाऊन निजला, सगळे एकाच दुपारी, निजल्यावर तो हसू लागला म्हणून दोनदा थांबावे लागले. मी पुन्हा प्रकाशपेटीकडे गेले. पहिल्या सात फ्रेममध्ये त्याच्या ओठांचा कोपरा वर आहे. तो वेदनेचाही असू शकतो.

आमच्या नोंदवहीत ‘ऐकीव माहिती’ असा रकाना नाही. ‘कदाचित’ लिहिण्याची सोयही नाही, कारण प्रणाली बनवणाऱ्यांना शोध घेताना शंका नको असते. आजींचे बोलणे मी एका कागदावर लिहून घेतले. नायट्रेटच्या डब्यात कागद ठेवायचा नसतो, म्हणून तो माझ्या खणात आहे, आणि डबा शीतकोठारात.