दोन पावले मागे

२५ मार्च १९८३ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीचा सोहळा झाला आणि १६ मे रोजी एनबीसी वाहिनीने तो अमेरिकेत दाखवला. हा सोहळा लोकांच्या लक्षात राहिला तो मायकल जॅक्सनमुळे. पुढे चालत असल्याचा भास निर्माण करत मागे सरकण्याची त्याची ती प्रसिद्ध चाल दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी प्रथम पाहिली ती याच कार्यक्रमात. मला मात्र त्या रात्रीचा अखेरचा भाग अधिक विचार करायला लावतो. ‘द सुप्रीम्स’ या गाजलेल्या गायिकांना त्यात पुन्हा एकत्र आणायचे ठरले होते, आणि तिथेही प्रश्न पावलांचाच होता : कोणी किती पुढे यायचे आणि कोणी किती मागे राहायचे.

डायना रॉसने गट सोडला त्याला तेव्हा तेरा वर्षे झाली होती. ती प्रेक्षकांमधल्या वाटेने, अंगावर पांढरी फर मिरवत, आपले स्वतंत्र कारकिर्दीतले गाणे गात मंचावर आली. तिचा हा भाग आटोपल्यावर गटातल्या तिच्या जुन्या साथीदार मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग या दोघींना बोलावण्यात आले आणि ‘समडे वुई विल बी टुगेदर’ हे गाणे सुरू झाले. त्यापुढे जे घडले त्याचे सविस्तर वर्णन मेरीने १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात केले आहे. डायना प्रेक्षकांच्या दिशेने दोन पावले सरकली की या दोघीही सरकत, म्हणजे तिघी पुन्हा एका ओळीत येत. असे दोनदा झाल्यावर डायनाने वळून मेरीला ढकलले. सभागृहातील लोकांच्या ते ध्यानात आले. लगोलग स्मोकी रॉबिन्सन आणि कंपनीचे इतर कलावंत मंचावर आले, गर्दी झाली आणि प्रसंग त्या गर्दीत विरून जाईल असे वाटू लागले. तेवढ्यात मेरीने प्रेक्षकांत बसलेले कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांना मंचावर येण्याचे जाहीर निमंत्रण दिले. तेव्हा डायनाने मेरीचा माईक धरलेला हात खाली दाबला आणि ते काम आधीच झालेले आहे अशा अर्थाचे काही तरी तिला सुनावले.

ढकलण्याचा क्षण संकलनात गाळला गेला आणि घराघरांत पोहोचले ते बहुतांशी मिठ्या, अश्रू आणि सामूहिक गायन. तरीही बातमी फुटायची ती फुटलीच. दोन नावाजलेल्या गायिकांची मंचावरच जुंपली, एवढाच मजकूर तिच्यातून उरला. अशा प्रसंगांची बातमी नेहमी याच पद्धतीने होते आणि ती वाचून आपणही मान डोलावतो, कारण कलावंत म्हटला की अहंकार आलाच, असे आपण गृहीत धरलेले असते. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. अहंकार होता, त्याविषयी वाद नाही. पण त्या रात्री मेरी ज्या दोन पावलांसाठी हटून बसली होती, ती दोन पावले तिच्याकडून वीस वर्षांपूर्वीच काढून घेतली गेली होती, आणि तीही डायनाने नव्हे, तर कंपनीने.

मुळात हा गट डायनाचा नव्हता. १९५९ साली डेट्रॉइटमधील ब्रूस्टर-डग्लस या सार्वजनिक वसाहतीतील मुलींनी ‘प्रायमेट्स’ या नावाने गायला सुरुवात केली, त्यात पुढाकार फ्लॉरेन्स बॅलर्डचा होता. १९६१ मध्ये मोटाउनशी करार झाला, त्या वेळी कंपनीने सुचवलेल्या नावांतून ‘सुप्रीम्स’ हे नाव निवडले तेही तिनेच. फ्लॉरेन्सचा आवाज भरदार आणि पल्लेदार होता. आरंभीच्या काळात मुख्य गायिकेची जागा कोणा एकीची नव्हती, गाण्यागणिक ती बदलत असे. पण सुरुवातीची काही वर्षे एकही गाणे चालेना, कंपनीतले लोक त्यांना ‘एकही हिट नसलेल्या सुप्रीम्स’ म्हणून चिडवू लागले, आणि मग गॉर्डी यांनी ठरवले की इथून पुढे मुख्य आवाज डायनाचा राहील. तिचा आवाज बारीक, काहीसा नाकातला आणि चटकन ओळखू येणारा होता. रेडिओवरच्या गोऱ्या श्रोत्यांपर्यंत तो सहज पोहोचेल, असा त्यांचा होरा होता. १९६४ साली ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ पहिल्या क्रमांकावर गेले, त्यामागोमाग ओळीने आणखी चार गाणी गेली, आणि १९६९ अखेरपर्यंत या गटाची बारा गाणी अमेरिकेत अव्वल ठरली. व्यापारी हिशेबाने गॉर्डी यांचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या यशाचे मोल मात्र तिघींना सारखे पडले नाही. १९६७ मध्ये गटाचे नाव बदलून ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ करण्यात आले. ‘अँड’ या एका जोडणाऱ्या शब्दाने तिघींपैकी एकीला गटाच्या बाहेर आणि वर नेऊन बसवले, आणि ज्यांनी तो गट उभा केला त्या तिच्या साथीला उरल्या. त्याच वर्षी फ्लॉरेन्सला काढून टाकण्यात आले आणि तिच्या जागी सिंडी आली. फ्लॉरेन्सची परवड त्यानंतर थांबली नाही. स्वतंत्र गायनात जम बसला नाही, पैसा राहिला नाही, सरकारी मदतीवर दिवस काढण्याची वेळ आली आणि २२ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तिचा मृत्यू झाला. पासाडेनाच्या मंचावर जी चौथी गायिका असायला हवी होती, ती ही.

त्या रात्री गाण्यासाठी जे गाणे निवडले गेले, त्याची हकीकत तर मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. ‘समडे वुई विल बी टुगेदर’ हे मुळात जॉनी ब्रिस्टल आणि जॅकी बीव्हर्स या जोडीचे १९६१ सालचे गाणे. १९६९ मध्ये ब्रिस्टलने ते डायनासाठी नव्याने बांधले तेव्हा ते तिचे पहिले स्वतंत्र गाणे म्हणून यायचे होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी डायनाच्या गाण्यात हवी तशी ऊब येईना, म्हणून ब्रिस्टल शेजारच्या माईकवरून तिला चेतवू लागला, आणि तो आवाज इतका शोभून दिसला की अंतिम ध्वनिमुद्रिकेत तसाच ठेवण्यात आला. मागचा कोरस व्यावसायिक गायिकांनी गायला. पुढे गॉर्डी यांचा विचार बदलला आणि डायना गट सोडून चालली असताना तेच गाणे सुप्रीम्सचे निरोपाचे गाणे म्हणून बाजारात आणले गेले. डिसेंबर १९६९ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले, आणि १४ जानेवारी १९७० रोजी लास व्हेगासमधील फ्राँटियर हॉटेलात झालेल्या निरोपाच्या कार्यक्रमातही ते गायले गेले. म्हणजे ज्या गाण्यात एक ना एक दिवस आपण पुन्हा एकत्र येऊ असे वचन आहे, त्या ध्वनिमुद्रिकेत मेरीचा आवाज नाही आणि सिंडीचाही नाही. तेरा वर्षांनी पुनर्मीलनासाठी त्यांच्या हाती नेमके तेच गाणे दिले गेले. प्रेक्षकांना ते तिघींचे गाणे वाटत होते. तिघींना मात्र ते कोणाचे आहे हे पक्के ठाऊक होते.

डायनाची बाजूही मांडली पाहिजे. एक तर त्या रात्रीचा तपशीलवार वृत्तांत आपल्याकडे आहे तो मुख्यतः मेरीचा, आणि मेरी काही तटस्थ साक्षीदार नव्हती. दुसरे असे की डायनाने १९८१ सालीच मोटाउन सोडून दुसऱ्या कंपनीशी करार केला होता, त्यामुळे ती तिथे आली ती पाहुणी म्हणून; तिच्या दृष्टीने तो तिचा कार्यक्रम होता आणि त्यात जुन्या मैत्रिणींसाठी थोडी जागा करून दिलेली होती. मेरी आणि सिंडी यांच्या लेखी तो गटाचा कार्यक्रम होता. दोन्ही समजुती आपापल्या जागी प्रामाणिक होत्या आणि दोन्ही एकाच मंचावर मावणाऱ्या नव्हत्या. एकीने वीस वर्षे मध्यभागी उभे राहण्याची सवय अंगी बाणवली होती, दुसरीने तितकीच वर्षे मागे उभे राहून वाट पाहिली होती. ढकलणे अशोभनीय होते, यात शंका नाही. पण पुनर्मीलन ठरवणाऱ्यांनी उभे राहण्याच्या जागांचा प्रश्न न सोडवताच तिघींना दिव्यांच्या झोतात सोडून दिले, त्याचा दोष मी अधिक मानतो.

गाणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडते, आणि त्यामागे कलेतलेच एक कारण आहे. नाटकातले सहकलाकार भांडले तरी त्यांना आपापल्या भूमिकेचा आडोसा असतो. एकत्र गाणाऱ्यांना श्वासही एकमेकांच्या अंदाजाने घ्यावा लागतो, दुसऱ्याच्या स्वराला वाट करून देण्यासाठी स्वतःचा आवाज आवरावा लागतो, आणि हे आवरणे ज्याच्या वाट्याला सतत येते त्याच्या मनात हिशेब साचत जातो. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल यांनी १९ सप्टेंबर १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे पाच लाख लोकांपुढे गाऊन दाखवले, तेव्हा दुरावा मिटला असेच सर्वांना वाटले होते. त्यानंतर दोघांनी मिळून नवा अल्बम करायला घेतला; १९८३ मध्ये तो बाहेर आला तेव्हा त्यावर एकट्या सायमनचे नाव होते आणि गारफंकलचा आवाज त्यातून काढून टाकलेला होता. जुनी गाणी गाताना जागा आधीच ठरलेल्या असतात, म्हणून एक संध्याकाळ निभावून जाते. नवे काही करायचे म्हटले की जागा पुन्हा ठरवाव्या लागतात, आणि तिथे सगळे अडते.

सुप्रीम्सच्या बाबतीत आणखी एक प्रयत्न २००० साली झाला, आणि या वेळी भांडण मंचावर पोहोचण्याआधीच झाले. ‘रिटर्न टू लव्ह’ नावाचा मोठा दौरा आखण्यात आला. वृत्तपत्रांतून आलेल्या आकड्यांनुसार डायनाला दीड कोटी डॉलरच्या वर मिळणार होते, मेरीला देऊ केलेली रक्कम सुमारे तीस लाख होती आणि सिंडीची त्याहून कमी. मेरीने नकार दिला. तेव्हा आयोजकांनी शेरी पेन आणि लिंडा लॉरेन्स या दोघींना घेतले. दोघीही चांगल्या गायिका आणि सुप्रीम्समध्ये गायलेल्या, यात खोटे काही नाही. पण त्या गटात आल्या सत्तरच्या दशकात, डायना निघून गेल्यानंतर. म्हणजे हे ज्या तिघींचे पुनर्मीलन म्हणून विकले जात होते, त्या तिघी पूर्वी कधी एका गटात नव्हत्याच. महागडी तिकिटे पडून राहिली आणि जूनमध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेला दौरा जुलैतच गुंडाळावा लागला.

मेरीच्या नकारावर तेव्हा लोभीपणाची टीका झाली. ती मला पटत नाही. तीस लाख डॉलर ही लहान रक्कम नव्हती, आणि पैशाचाच मोह असता तर तिने ती घेतली असती. सुप्रीम्स हे नाव कोणी वापरायचे यासाठी ती मोटाउनशी कित्येक वर्षे न्यायालयात लढली होती, आणि मूळ सदस्य नसलेल्यांनी जुन्या गटांची नावे लावून कार्यक्रम करू नयेत यासाठी अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांत कायदे व्हावेत म्हणून ती पुढेही, २०२१ मध्ये निधन होईपर्यंत, झटत राहिली. अशा बाईपुढे २००० साली जो दौरा ठेवला गेला, त्याच्या जाहिरातींवर नाव होते ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’, म्हणजे १९६७ साली कंपनीने ज्या क्रमाने लावले होते तसेच.