अँप्युलात खडा
मी एंडोस्कोपीत टेक्निशियन आहे, आणि त्या दिवसाची आठवण आली की हसू येतं पण लाजही वाटते जरा. साठीच्या एक काकू, कावीळ, आधी आठ दिवस गावठी औषध घेऊन झालेलं, डोळे हळदीसारखे आणि खाजवून खाजवून हात ओरबाडलेले. एरवी ६ मिमीच्या आसपास असणारी पित्तनळी सोनोग्राफीत १४ मिमी, म्हणून ईआरसीपी ठरलं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला अडथळा काढणं. मुलगा सहीला आला तेव्हा मी घाईत बोलून गेलो, "खडा अँप्युलात अडकलाय, काढायचाय."

दहा मिनिटांत बाहेर आरडाओरडा. "इंजेक्शनच्या अँप्युलात खडा होता तर आईला टोचलंच कसं?"

चूक माझीच. इंजेक्शनचा काचेचा अँप्युल आणि पोटातला अँप्युला, मूळ शब्द एकच, लॅटिनमधली पोट फुगलेली छोटी कुपी, आणि मराठीत प्रत्यय लागला की दोन्हीचं होतं अँप्युलात!

मग केसपेपरच्या मागे चित्र काढलं. पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्यात उघडतात तिथे दोघी मिळून जरा फुगतात, व्हाटर नावाच्या जर्मन डॉक्टरने १७२० मध्ये लिहून ठेवलेली जागा. मुलगा बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे चंबू. मग चंबू म्हणा ना सरळ."

गडी हुशार, पुढचा प्रश्न लगेच, "मग वरची १४ मिमीवाली पण चंबूच का?" तर नाही, ती तुंबून फुगलीये, तिला आम्ही डायलेटेड म्हणतो. अँप्युला जन्मापासूनचा, कानातल्या तीन अर्धगोल नळ्यांना असतो, गर्भनलिकेला असतो (एक्टोपिक, म्हणजे गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ, बहुतेक तिथेच अडकतो), गुदाशयालाही असतो. आणि रक्तवाहिनी एका जागी फुगली तर तो अ‍ॅन्युरिझम, म्हणजे आजार. फुगणं तेच पण नावावरून कळतं घाबरायचं की नाही.

आत गेलो तर स्क्रीनवर नळीचं तोंड टरटरून वर आलेलं, सरांनी छोटा काप दिला, मी वायर पुढे सारली, बलून ओढला आणि चण्याएवढा तपकिरी खडा टपकन आतड्यात, मागून तुंबलेलं पित्त भसाभसा.

दार उघडलं तर मुलगा समोरच उभा. "रिकामा झाला का चंबू?"