हायवे १७ वरचा हिवाळा आणि दुपारचा अर्धा तास

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते. मी कॅनडात विनिपेगला राहतो, ट्रेलर चालवतो. बहुतेक फेऱ्या शेजारच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या थंडर बेपर्यंत, आणि तिथून पुढे हायवे १७ ने सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने सू सेंट मेरीपर्यंत. डिसेंबरात विनिपेगमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारच्या सुमाराला मावळतो. पहाटे चारला निघालेल्या ड्रायव्हरचे पहिले चार तास हेडलाइटच्या उजेडात जातात. दुपारी माल उतरवायला वखारीच्या दाराशी गाडी लावली, की उरलेला उजेडही तिथेच संपतो.

गावाकडचे सगळे थंडीबद्दल विचारतात. थंडीचं एवढं काही नाही. बाहेर उणे तीस असलं तरी केबिनला हीटर आहे, झोपायच्या बंकलाही वेगळा हीटर आहे, अंगावर थर्मल असतात. जड जातो तो अंधार, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. आमच्यातली माणसंही आपणहून बोलत नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

अंधारामुळे येणारं हे दुखणं रडू येण्यापासून सुरू होत नाही. आधी झोप वाढते. आठ तास झोपून उठलं तरी अंग जड असतं. भात, ब्रेड, गोड यांचीच भूक लागते. घरून फोन आला तर ‘नंतर करतो’ म्हणावंसं वाटतं. घरी पोचल्यावर मुलं अंगावर उड्या मारतात तेव्हा आनंद व्हायला हवा, पण होत नाही, आणि याचीच भीती वाटते. पुष्कळ जण याला थकवा म्हणून सोडून देतात. पण दरवर्षी हिवाळ्यात येणारं आणि वसंतात जाणारं हे नैराश्य हा ओळखलेला आजार आहे. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, भरपूर उन्हातून न्यूयॉर्कला आलेले. हिवाळ्यात आपण मंदावतो हे त्यांना आधी स्वतःवरच जाणवलं होतं. आपण सोलापूर-सांगलीच्या उन्हातून आलेली माणसं, आपल्याला हे जाणवावं यात कमकुवतपणा कसला?

उपचारात पहिलं नाव उजेडाचं येतं. दहा हजार लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं माप) दिवा मिळतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास तो समोर ठेवून बसायचं. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. आणि गाडी चालवताना तर तो लावायचाच नाही. उभ्या गाडीत, निघण्यापूर्वी, चहाबरोबर.

पण दिव्यापेक्षा मला भरवसा आहे तो दुपारच्या अर्ध्या तासावर. इथल्या नियमाने दिवसाला जास्तीत जास्त तेरा तास गाडी चालवता येते आणि दहा तास सुट्टी घ्यावी लागते. त्यातले आठ तास सलग. उरलेले दोन तास तुकड्यांत घेता येतात, प्रत्येक तुकडा किमान अर्ध्या तासाचा. बरेच जण हे दोन तास रात्रीच्या झोपेला जोडून टाकतात. हिवाळ्यात तरी तसं करू नका, हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला सांगतो. एक तुकडा भर दुपारी घ्या, ट्रक स्टॉपवर उतरा आणि बाहेर चाला. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, आणि खाली बर्फ असला की तो आणखी वाढतो. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत बसून फेऱ्या ठरवणारा माणूस, लवकर पोच म्हणून मागे लागला, तरी हा अर्धा तास सोडू नका. डिझेल भरल्याशिवाय आपण निघत नाही, तसंच हे.

केबिनच्या काचेतून अंगावर ऊन येतं, पण त्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्याला लागणारे किरण काच अडवते. इतक्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य एवढा खाली असतो, की काच नसती तरी फारसं मिळालं नसतं. रक्त तपासून गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

अंधाराच्या जोडीला असतो ताण. ऑन्टारिओतला हायवे १७ बराचसा दुपदरी आहे. समोरून ट्रेलर गेला की त्याने उडवलेल्या बर्फात काही क्षण पुढचं काहीच दिसत नाही. ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावरचा बर्फाचा पातळ पारदर्शक थर, डोळ्याला दिसत नाही, फक्त स्टिअरिंग हलकं लागतं. संध्याकाळनंतर रस्त्यावर येणाऱ्या मूसची, म्हणजे इथल्या प्रचंड हरणाची, भीती. रात्री बंकमध्ये आडवं झालं तरी खांदे सैल होत नाहीत. वादळात वाटेतल्या वावा गावाच्या आसपास रस्ता बंद झाला तर कधी रात्रभर, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि मैलावर पैसे मिळणाऱ्याचं मीटर तेवढा वेळ बंद. घरचा हप्ता मात्र चालूच. मग रस्ता वाईट असतानाही माणूस निघतो. इथला कायदा स्पष्ट आहे: ड्रायव्हरच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तर गाडी चालवायची नाही, आणि कंपनीने तशी चालवायला सांगायचंही नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा. कोणी दमात घेतलं तर फोनवर शांतपणे म्हणा आणि गाडी उभी करा.

एकटेपणावर मला सापडलेला आधार म्हणजे पंजाबी ड्रायव्हरांचा ग्रुप कॉल. हँड्सफ्री लावून चार-पाच जण तासन् तास बोलत असतात: रस्ता कुठे घसरडा आहे, कुठल्या ढाब्यावर राजमा चांगला मिळतो, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं. हिंदी-पंजाबीच्या मिश्रणात मी मराठी माणूसही सामावलो. घरच्या फोनचंही गणित जमतं. भारत आमच्यापेक्षा साडेअकरा तास पुढे. मी गाडी लावून रात्री आठला डबा उघडतो, तेव्हा आईकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिच्या स्वयंपाकघरात ऊन आलेलं असतं. त्या वेळी व्हिडिओ लावायचाच, बोलायला विषय नसला तरी.

डॉक्टरांकडे जायला आमची मंडळी घाबरतात ती लायसन्सच्या भीतीने. उदास वाटतं एवढं सांगितलं म्हणून लायसन्स जात नाही. प्रश्न येतो तो गाडी चालवणंच धोक्याचं ठरावं इतका आजार वाढला तर. म्हणजे लवकर जाण्यातच नोकरीची राखण आहे. मी ट्रक चालवतो हे पहिल्यांदा सांगायचं, कारण काही औषधांनी गुंगी येते. आणि जगणंच नको वाटलं, तर कॅनडात ३० नोव्हेंबर २०२३ पासून ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू आहे. फोन करा किंवा मेसेज पाठवा, इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये बोलता येतं. घरी काळजीने झोप उडालेल्या आई-वडिलांना भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

ज्यांचा मुलगा, भाऊ, नवरा असा गाडीवर आहे, त्यांनी फोनवर पगार आणि बर्फाच्या फोटोंच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: आज दुपारी गाडीतून उतरून बाहेर चाललास का, आणि काल नीट झोप लागली का. दोनदा ‘नाही’ ऐकलंत, तर त्याच्या जवळपास राहणाऱ्या कोणाला तरी त्याच्याकडे जाऊन यायला सांगा.