पुस्तक मिटा आधी

पीएच.डी.ची मुलं हल्ली घरी येतात ती एकच प्रश्न घेऊन: "मॅडम, सिमिलॅरिटी किती टक्के चालते?" म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळतो, याचा सॉफ्टवेअरनं काढलेला आकडा. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) वाङ्मयचौर्यावरचा २०१८ चा नियम त्यांना तोंडपाठ. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरत नाहीत हेही कानावर गेलेलं असतं, मग तेराव्या शब्दाला वाक्य मोडणारे महाभाग निघतात.

परवा खानापूरची एक मुलगी महाराष्ट्र आणि कर्नाटक (तेव्हाचं म्हैसूर राज्य) यांच्या सीमाप्रश्नावरचं प्रकरण घेऊन आली. पुस्तकातलं मूळ वाक्य साधारण असं: "महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, मात्र बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावे असे सुचवले." हिनं लिहिलेलं: "महाजन कमिशनने सन १९६७ मध्ये निपाणी व खानापूर धरून २६४ खेडी महाराष्ट्रास सोपवण्याची सूचना केली, परंतु बेळगाव नगर म्हैसूर प्रांतातच राहावे असे म्हटले."

"सगळे शब्द बदललेत की, मॅडम!"

बदललेत खरे, पण वाक्याचा सांगाडा जागचा हललेला नाही. ही नक्कलच, खाली संदर्भ दिला तरी.

मी पुस्तक मिटवून माझ्याकडं ठेवलं. चहा टाकता टाकता म्हटलं, "आता सांग, आयोग काय म्हणाला?"

"आमचं खानापूर द्या म्हणाले, बेळगाव नको म्हणाले. मग महाराष्ट्र कसा ऐकतोय?"

"हेच लिही की."

तिनं लिहिलं: "आयोगाच्या १९६७ च्या अहवालानुसार निपाणी-खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला मिळणार होती, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच राहणार होतं. महाराष्ट्राने अहवाल नाकारण्याचं मुख्य कारण हेच दिसतं." आता यात एक मेख आहे. पहिलं वाक्य पुस्तकाचं, दुसरा निष्कर्ष हिचा. म्हणून संदर्भाचा आकडा पहिल्या वाक्यापाशीच पडायला हवा. परिच्छेदाच्या शेवटी टाकला तर हिचं मत त्या लेखकाच्या नावावर जातं. गाईडसुद्धा हे क्वचितच तपासतात, टक्केवारी बघून सही करतात.

२६४ चं काय करायचं, असं तिनं विचारलं. काही नाही, तसंच ठेवायचं. सॉफ्टवेअरला चकवायला "अडीचशेहून अधिक" लिहिणारे मी पाहिलेत. आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम असेल तर स्वतःच्या शब्दांत सांगायच्या भानगडीत पडू नये, सरळ अवतरणात द्यावं. पुढचं प्रकरण ती दिवाळीनंतर आणणार आहे.