काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय

१९८९ साली गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या घरी टीव्ही नव्हता. दूरदर्शनवरची ‘उडान’ मालिका बघायला मी आजीचं बोट धरून शेजारी जायचे. कल्याणी सिंग खाकी वर्दीत दिसली की आजीच्या हातातला अडकित्ता थांबायचा. कल्याणी झालेल्या कविता चौधरी यांनीच ती मालिका लिहिली आणि दिग्दर्शित केली होती, हे मला फार उशिरा कळलं. गोष्टही त्यांच्या सख्ख्या बहिणीवरून घेतलेली. त्या बहीण, कांचन चौधरी भट्टाचार्य, २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. एखाद्या राज्याच्या पोलीस दलाची प्रमुख झालेली देशातली ती पहिली बाई.

आज मी गोव्याच्याच सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांचा वीस मिनिटांचा कार्यक्रम महिन्यातून एकदा इथल्या केबलवर लागतो. शूटिंग मोबाईलवर, एडिटिंग संगणकाच्या खोलीत.

पहिला भाग मी आता पाहिला की मला वाईट वाटतं. मुली नऊवारी नेसून, गजरे माळून निवेदन करताहेत. कॅमेरा, माईक, एडिटिंग सगळं मुलांकडे. वाटणी मी केलेली नव्हती, ती आपोआप झाली, आणि मी ती होऊ दिली. जगभरच्या बातम्यांची दर पाच वर्षांनी मोजणी होते. २०२० च्या मोजणीत बातम्यांत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या माणसांत बायका चारात एक होत्या. हे वाचल्यावर मी मुलांना आपलाच भाग मोजायला लावला. मुलाखत दिलेली नऊ माणसं, त्यातले सात पुरुष. वर्ग गप्प झाला.

तेव्हापासून कामं पाळीपाळीने. यात सगळ्यात मोठी अडचण निघाली ती बसची. एडिटिंग शाळा सुटल्यावर चालायचं आणि केरीकडच्या मुलींना संध्याकाळची बस चुकवून चालत नाही. मुलं कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून जातात, मुलींना तसं घरचे जाऊ देत नाहीत. म्हणजे शेवटचा कट कायम मुलांच्याच हातात. आम्ही काम शनिवारी दुपारी नेलं. एवढ्याने पहिल्याच महिन्यात दोन मुली एडिटिंगला बसल्या. मुलींना आवड नसते असं मला कुणी सांगू लागलं तर मी आधी बस किती वाजताची ते विचारते.

युनिसेफच्या कार्टूनमधली मीना दाखवली तो तास मी विसरणार नाही. आंब्याची फोड राजूला मोठी का, असं मीना विचारते आणि मग भाऊबहीण एक दिवस कामं बदलून बघतात. गोष्ट संपल्यावर आठवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “टीचर, आमच्याकडे इसवणाची, म्हणजे सुरमईची, मधली तुकडी मला, बहिणीला शेपटीकडची.” कुणीही हसलं नाही. पुढचा भाग त्यानेच लिहिला, ताटातल्या तुकडीवर. मुलग्यांना यातून बाहेर ठेवून काही होणार नाही, हे मला त्या तासाने शिकवलं.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ मधली खेड्यांची पाहणी तपासली होती. त्या खेड्यांत गोव्यातलीही होती. जिथे नव्याने केबल आलं, तिथे नवऱ्याने मारणं योग्य मानणाऱ्या बायका कमी झाल्या आणि मुलगाच हवा ही ओढही कमी झाली. केबलवर तेव्हा सासू-सुनांच्या मालिका होत्या, समतेचं शिक्षण कुणी देत नव्हतं. नोकरी करणाऱ्या, एकट्या बाहेर पडणाऱ्या बायका रोज डोळ्यांसमोर दिसत होत्या, एवढंच. मग शेजारच्या वाड्यावरची ओळखीची मुलगी माईक घेऊन दिसली तर काय होईल, या विचाराने मला आजही हुरूप येतो.

साखळीच्या बाजारात आमच्या मुलींनी विचारलं, २०२२ मध्ये गोवा विधानसभेच्या ४० जागांवर किती बायका निवडून आल्या? कुणी दहा म्हणालं, कुणी पंधरा. उत्तर तीन. शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या, त्या गोव्यात!

मग आम्ही ग्रामपंचायतीतल्या एका पंचबाईंकडे गेलो. पहिल्याच प्रश्नाला त्यांचे यजमान पुढे सरसावले. “ती उलोवची ना, हांव सांगतां.” म्हणजे, ती बोलणार नाही, मी सांगतो. कॅमेऱ्यावर नववीतली मुलगी होती. तिने डोळा स्क्रीनवरून न काढता म्हटलं, “काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय, जरा बाजूला व्हा.” ते निमूट बाजूला झाले. मोठ्यांना उलट बोलू नये असं आयुष्यभर ऐकलेली मुलगी, पण त्या क्षणी तिच्याकडे काम होतं आणि कामाचा अधिकारही. पंचबाई अकरा मिनिटं बोलल्या. वाड्यावरचा नळ, रात्रीचा रस्ता, ग्रामसभेला बायका का येत नाहीत, सगळं. त्यातलं एक वाक्यही आम्ही कापलं नाही.

हे सगळ्या घरांना रुचलं असं नाही. एका आईने मला स्पष्ट सांगितलं, मुलीचा चेहरा टीव्हीवर नको, उद्या स्थळं बघायचीत. तिची भीती खोटी नव्हती. मी वाद घातला नाही. वर्षभर त्या मुलीचा फक्त आवाज वापरला.

येत्या शनिवारी आम्ही फुगडीच्या बायकांचं शूटिंग करतोय. ती आई त्यांच्यातच आहे. काल तिचा फोन आला होता. कॅमेरा मुलीकडेच असणार ना, आणि कुठल्या रंगाचं लुगडं चांगलं दिसेल, असं विचारत होती.