इसवणची तुकडी

गुरुवार, रात्र.

"दयानंदाच्या पैशांवर इसवण खातात." फोंडा-पणजी बसमध्ये, मागच्या सीटवरून एक बाई. दयानंद म्हणजे गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, म्हाताऱ्या, दिव्यांग नि एकट्या बायकांना महिन्याला पैसे देणारी. इसवण म्हणजे सुरमई, महागाची मासळी. कुणाबद्दल ते लगेच कळलं. पण ती इसवण सकाळपासून घशात अडकलीय. मी काय त्यांची वकील? सगळ्या जगाचं मलाच का टोचावं?

दयानंदाचे महिन्याला 2,000. दिवसाला सहासष्ट रुपये नि वर थोडे पैसे. सिलिंडर आठशेच्या वर. प्राधान्य कार्ड असेल तर रेशनवर माणशी 5 किलो धान्य, 2023 पासून फुकट. म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅमच्या जरा वर. दुपारी शीत शिजलं की रात्री पेजच. तेही यंत्राने अंगठा ओळखला तर. जन्मभर काजू सोलून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. साबणाने हात धुऊन, कोरडा करून दुसरं बोट लावायचं. तरी जमलं नाही तर ओटीपी. तो येतो आधारला जोडलेल्या नंबरावर, नंबर असतो मुलाचा, नि मुलगा असतो दुबईला.

मग इसवण आली कुठून? इथेच तर सगळी गंमत. पैसे दर महिन्याला पडतीलच असं नाही. दोन महिने खातं कोरडं, मग तिसऱ्याला एकदम 6,000. मधले दिवस पसरकाराच्या, म्हणजे किराणा दुकानदाराच्या, उधारीच्या वहीवर निघतात. आधी वही फिटते, मग औषधांची उधारी, आणि उरल्यातून एखाद दिवशी एक तुकडी. वही कुणाला दिसत नाही. तुकडी दिसते. गणेश चवथीच्या तोंडावर पडले तर माटोळीचं, गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान दिसतं, की झालं, "मजा आहे बाबा!"

आणि म्हणे बसून मिळतात. वर्षाला हयातीचा दाखला द्यावा लागतो, सही-शिक्क्यासह, नाहीतर पैसे थांबतात. जिवंत माणसाने आपण जिवंत असल्याचं कागदावर लिहून द्यायचं. 2020 साली कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये गेली, सिंडिकेट कॅनरात. पासबुकावर बँकेचा कोड जुनाच राहिला तर पैसे अडकणार. आधी बँकेत नवं पासबुक, मग त्याची झेरॉक्स समाजकल्याण खात्याच्या कचेरीत. नावातलं एक अक्षर आधारशी जुळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. यातल्या एकेका फेरीत त्या दिवसाचे सहासष्ट रुपये बसभाड्यात नि चहात जातात.

खरं तर हसू येतंय आता. सरकारच्याच गृह आधार योजनेचे महिन्याला 1,500, वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या गृहिणीला मिळतात, आणि ती 'आमची योजना'. 2021 साली महिन्याला 16,000 लिटरपर्यंत पाणी फुकट झालं, तेव्हा आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत कुणी कुणाला फुकट्या म्हटलं नाही. मीही नाही. उलट मीटर बघून आले होते.

हे सगळं बसमध्येच बोलायचं होतं. तोंडात जुळवाजुळव चालली होती, तोवर मागच्या सीटवरच्या त्या बाई बाणस्तारीला उतरल्यासुद्धा. बाजारचा दिवस ना. दोन पिशव्या होत्या, रिकाम्या.